बर्फाखालच्या खाणी आणि आपला नकार

वास्कोला हेडलँड सड्यावर, समुद्राकडे तोंड करून, केंद्र सरकारची एक संस्था उभी आहे. तिचे नाव राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. २०१८ पर्यंत नावात 'ध्रुवीय'च्या जागी 'अंटार्क्टिक' असा शब्द होता. भारताचे दोन्ही ध्रुवांकडचे काम इथून चालते. मोहिमेवर कोण जाणार, सोबत किती डाळ-तांदूळ आणि किती डिझेल न्यायचे, परत येताना काय आणायचे, सगळे या सड्यावर ठरते. आपण गोवेकर मात्र तिथून बोगद्याच्या बाजूला वळतो आणि मासळीचे भाव काढत घरी येतो. म्हादईवर आपण पानेच्या पाने लिहिली, कॅसिनोवर लिहिली, भाषावादावर तर किती लिहिले त्याला गणती नाही. ध्रुवांवर कुणी लिहीत नाही. विषय लांबचा वाटतो, थंड वाटतो, आणि तज्ज्ञांचा वाटतो.

मला तो तसा वाटत नाही. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली खाणी उघडायच्या की नाहीत, या प्रश्नावर भारताच्या एका 'नाही'ला फार मोठी किंमत आहे. ते 'नाही' आपण २०४८ सालासाठी राखून न ठेवता आत्ताच आणि मोठ्याने म्हणावे. आणि हा आग्रह देशात कुणी धरायचा असेल तर तो गोव्याने धरावा. का, ते आता सांगतो. थोडा फेरा पडेल.

भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम निघाली ती मुरगाव बंदरातून, ६ डिसेंबर १९८१ रोजी. नॉर्वेहून भाड्याने घेतलेले 'पोलर सर्कल' नावाचे जहाज आणि एकवीस माणसे. नेते डॉ. सय्यद झहूर कासिम, जे त्याआधी आपल्या दोनापावलच्या समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक होते. बाहेर फारसा गाजावाजा केलेला नव्हता. ९ जानेवारी १९८२ रोजी मंडळी बर्फावर उतरली, तेव्हा जगाला कळले. पुढे १९८३-८४ च्या मोहिमेत 'दक्षिण गंगोत्री' उभी राहिली, ती काही वर्षांतच बर्फाखाली गेली. मग १९८९ च्या सुमाराला 'मैत्री' आली, २०१२ साली 'भारती' आली. दक्षिण गंगोत्रीत १९८४ साली टपाल कचेरी उघडली, ती गोव्याच्या टपाल विभागाला जोडून. २०२४ च्या एप्रिलात भारती तळावरही शाखा निघाली. म्हणजे पेनाने लिहिलेले पत्र आता फक्त अंटार्क्टिकातूनच गोव्याला येणार असे दिसते! असो.

आता गंमत बघा. मैत्री जिथे उभी आहे तो प्रदेश नॉर्वे आपला म्हणतो. भारती जिथे आहे तो ऑस्ट्रेलिया आपला म्हणते. ऑस्ट्रेलियाचा दावा तर त्या खंडाच्या सुमारे ४२ टक्के भागावर आहे. तरी आपण यांपैकी कुणाची परवानगी घेतली नाही आणि कुणी मागितलीही नाही. याचे कारण १ डिसेंबर १९५९ रोजी बारा देशांनी केलेला अंटार्क्टिक करार. सात देशांचे दावे त्या वेळी होते: ब्रिटन, फ्रान्स, नॉर्वे, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, चिली आणि अर्जेंटिना. कराराच्या चौथ्या कलमाने ते दावे मान्यही केले नाहीत आणि फेटाळलेही नाहीत, होते तसे गोठवून ठेवले. बर्फाच्या खंडाला शोभेल असाच तोडगा म्हणायचा. लष्करी तळ नको, अणुस्फोट नको, विज्ञानाला मुभा. जो देश तिथे भरीव संशोधन करून दाखवील त्याला निर्णयाच्या बैठकीत मताचा अधिकार. त्या खंडावर चलन म्हणून विज्ञान चालते, ते असे.

दावे गोठले, पण मेले नाहीत. १९७८ साली अर्जेंटिनाने आपल्या एस्पेरांझा तळावर एका गर्भवती स्त्रीला नेऊन ठेवले आणि तिथे मूल जन्माला घातले, का तर आमचा माणूस या मातीत जन्मला असे सांगता यावे म्हणून. मातीत म्हणजे बर्फात. चिली आणि अर्जेंटिना आपल्या दाव्याचे मूळ कुठे शोधतात, हे वाचून गोव्याच्या माणसाने कान टवकारावेत. ते ते नेतात १४९४ च्या तोर्देसिल्यासच्या तहापर्यंत. स्पेन आणि पोर्तुगाल या दोघांनी पोपच्या आशीर्वादाने न पाहिलेली पृथ्वी नारळासारखी फोडून वाटून घेतली होती, तोच तह. स्पेनच्या वाट्याचे दक्षिणेकडचे सगळे आम्हाला वारशाने मिळाले, असा या दोन देशांचा युक्तिवाद. त्याच वाटणीच्या पोर्तुगीज बाजूला आपण पडलो होतो. त्या वाटणीच्या जोरावर आलेल्या राजवटीने आपल्यावर साडेचारशे वर्षे काढली. 'हे आमच्या कागदावर आहे' या वाक्याचे वजन ज्यांनी पाठीवर उचलले आहे, त्यांना अंटार्क्टिकाचा नकाशा वाचायला शिकवावे लागत नाही.

१९५६ साली भारताने संयुक्त राष्ट्रांत 'अंटार्क्टिकाचा प्रश्न' असा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा म्हणून मागणी केली होती, हे आज फार थोड्यांना आठवते. तो खंड शांततेसाठी आणि सगळ्या जगाच्या हितासाठी राखावा, असे नेहरूंच्या सरकारचे म्हणणे. चिली आणि अर्जेंटिनाने कडाडून विरोध केला, विषय मागे घ्यावा लागला. १९५८ साली पुन्हा मांडला, पुन्हा मागे घेतला. आणि लक्षात घ्या, त्याच काळात, त्याच संयुक्त राष्ट्रांत, नुकताच सभासद झालेला पोर्तुगाल गोवा ही वसाहत नसून आपला सागरापलीकडचा प्रांत आहे असे सांगत होता. दिल्लीला तेव्हा दोन ठिकाणच्या जुन्या कागदांशी एकदमच भांडावे लागत होते. गोव्याचा निकाल १९६१ साली लागला. योगायोग असा की अंटार्क्टिक करार अमलात आला तोही १९६१ सालीच, पण त्यात आपण नव्हतो.

मग १९८३ च्या ऑगस्टमध्ये आपण करारात शिरलो आणि सप्टेंबरात मताधिकारही मिळवला. नेमके त्याच सुमाराला मलेशिया संयुक्त राष्ट्रांत म्हणत होता की हा करार म्हणजे मूठभरांचा क्लब आहे, अंटार्क्टिका सगळ्या मानवजातीचा वारसा ठरवा. म्हणजे सत्तावीस वर्षांपूर्वी जवळपास आपणच जे बोललो, ते दुसरा बोलायला उठला तेव्हा आपण क्लबाच्या आतल्या खुर्चीवर जाऊन बसलो होतो. याला काही जण दुटप्पीपणा म्हणतात. मी म्हणत नाही. बाहेर उभे राहून ओरडण्यापेक्षा आत बसून मत देणे पुष्कळदा बरे. पण त्या खुर्चीवर बसताना आपण जुना शब्द सोबत घेऊन बसलो की तो बाहेर चपलांपाशी ठेवला, हा प्रश्न उरतोच.

मध्यंतरी एका गावातल्या वाचनालयात मी या विषयावर बोललो. समोर बारावीची आणि कॉलेजची मुले होती. पेंग्विनबद्दल एखादा प्रश्न येईल अशी माझी अपेक्षा. एका हुशार मुलाने विचारले, "सर, २०४८ ला करार संपतो ना? मग आपण तिथे मायनिंग सुरू करणार का?" मुलगा खाणपट्ट्यातलाच होता. त्याच्या आवाजात लोभ नव्हता, नोकरीची चौकशी होती. पण त्याच्या प्रश्नात जे गृहीत होते ते देशभर पसरलेले आहे, आणि ते चूक आहे, म्हणून जरा तपशिलात जातो.

करार २०४८ ला संपत नाही. अंटार्क्टिक कराराला मुदतच नाही. १९९१ साली माद्रिदला त्याला पर्यावरणाचा एक मसुदा जोडला गेला. त्याच्या सातव्या कलमाने वैज्ञानिक संशोधन सोडून खनिजांशी संबंधित कोणतेही काम करायला बंदी घातली. तो अमलात आला १४ जानेवारी १९९८ रोजी. अमलात आल्यापासून पन्नास वर्षांनी, म्हणजे २०४८ नंतर, मताधिकार असलेला कोणताही एक देश फेरविचाराची परिषद मागू शकतो. एवढेच. बंदी उठवायची तर आधी बहुमत हवे, त्यात १९९१ साली मताधिकार असलेल्या देशांपैकी तीन चतुर्थांश हवेत, खाणकामाला बांधून ठेवणारी पर्यायी कायदेशीर व्यवस्था तयार हवी. आणि पुढचे वाक्य नीट वाचा. तो बदल अमलात यायचा तर १९९१ च्या त्या सगळ्या सव्वीस देशांनी त्याला मान्यता द्यायला हवी. सगळ्या म्हणजे सगळ्या. त्या सव्विसांत भारत आहे.

एक पळवाट आहे, ती लपवत नाही. संमत झालेला बदल तीन वर्षांत अमलात आला नाही, तर एखादा देश माद्रिदच्या मसुद्यातून बाहेर पडू शकतो आणि त्यानंतर दोन वर्षांनी मोकळा होतो. तेव्हा आपला नकार हे काही पोलादी कुलूप नाही. पण बाहेर पडणाऱ्याला सर्व जगासमोर, नाव सांगून, दाराबाहेर जावे लागेल. हे ओझे कमी नाही.

त्या मुलाला मी हे सगळे सांगितले. मग त्याने जो दुसरा प्रश्न विचारला, तो पहिल्यापेक्षा कठीण होता. "दुसरे देश काढणारच असतील तर आपण का नको?"

हे वाक्य आपण डिचोली, सत्तरी, सांगे, केपे इथे पन्नास वर्षे ऐकले आहे. शेजाऱ्याने आपल्या डोंगरावर मशीन लावली, आता आपला डोंगर राखून काय करणार? गोव्याचा लोहखनिजाचा धंदा पोर्तुगीज आमदनीत, १९५० च्या दशकात जपानला माल जाऊ लागला तेव्हा फुगला. त्या सरकारने दिलेली कन्सेशने कायमची होती, मुदत नसलेली. मुक्तीनंतरही ती तशीच राहिली. १९८७ साली संसदेने कायदा करून ती रद्द केली आणि २० डिसेंबर १९६१ पासूनच ते भाडेपट्टे होते असे ठरवले. म्हणजे परक्या राजवटीने घाईत दिलेला एक कागद बदलायला स्वतंत्र देशाला पंचवीस वर्षे लागली. त्यानंतरची कहाणी सगळ्यांना तोंडपाठ आहे. शाह आयोगाचा अहवाल, २०१२ ची बंदी, २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेले ८८ पट्टे. शिरगावच्या विहिरी आटल्या त्या पुन्हा पूर्वीसारख्या भरल्या का, हे तिथल्या बायकांना विचारावे. आणि बंदीनंतर घरासमोर ट्रक उभा ठेवून बँकेचे हप्ते मोजणाऱ्यांनाही विचारावे. मी दोन्ही बाजूंच्या घरांत जेवलो आहे, खाण म्हणजे केवळ पाप असे म्हणायला माझी जीभ वळत नाही. मला एवढेच दिसते की नियम आधी आणि खाण नंतर हा क्रम आपल्याकडे उलटा झाला आणि तो सुलटा करता करता दोन पिढ्या गेल्या. अंटार्क्टिकात हा क्रम अजून सुलटा आहे. तो तसा असलेले जगातले बहुधा शेवटचे मोठे ठिकाण.

शिवाय 'आपण का नको' याला हिशेबी उत्तरही आहे. उद्या बंदी उठली तर पहिले कोण पोचेल? रशियाकडे अणुशक्तीवर चालणाऱ्या आइसब्रेकर जहाजांचा ताफा आहे. चीनने २०२४ च्या फेब्रुवारीत रॉस समुद्राकाठी आपला पाचवा तळ उघडला. आपल्याकडे स्वतःचे ध्रुवीय जहाज आजही नाही, १९८१ सारखेच भाड्याने घ्यावे लागते. २०२५ च्या जूनमध्ये कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीने नॉर्वेच्या काँग्सबर्गशी असे जहाज बांधण्यासाठी सामंजस्य करार केला, तेव्हा कुठे सुरुवात. शर्यत सुरू झाली तर आपण शेवटच्या रांगेत असू. बंदी आहे तोवर मात्र आपले मत रशियाच्या मताइतकेच भारी. ज्याच्याकडे होडी लहान, त्याने बंदराचे नियम कडक असावेत असेच म्हणावे.

संशोधन आणि शोधमोहीम यांतली रेघ पुसट होते आहे, ही खरी काळजी. वेडेल समुद्रात रशियन जहाजाने केलेल्या भूकंपीय सर्वेक्षणावरून २०२४ च्या मे महिन्यात ब्रिटिश संसदेच्या समितीत प्रश्न उठले. हे तेल हुडकणे नव्हे काय, असा संशय. रशियाचे म्हणणे, आम्ही विज्ञान करतो. समुद्रतळाखालचे थर मोजणारे यंत्र भूगर्भशास्त्रज्ञाचे असो वा तेल कंपनीचे, सारखेच असते. आपल्या डोंगरांवरही आधी 'फक्त नमुने घेणारे' लोकच आले होते.

आता उत्तर ध्रुवाकडे वळतो, पण थोडक्यात, कारण तिथली गोष्ट वेगळी आहे. दक्षिणेला समुद्राने वेढलेली जमीन आहे, उत्तरेला जमिनीने वेढलेला समुद्र. तिथे खाणबंदी नाही, तिथे मालक आहेत. अमेरिकेच्या भूगर्भ खात्याने २००८ साली अंदाज केला की जगातले न सापडलेले सुमारे १३ टक्के तेल आणि ३० टक्के नैसर्गिक वायू आर्क्टिक वर्तुळाच्या आत असावा. त्याच्या आदल्याच वर्षी रशियनांनी उत्तर ध्रुवाखाली चार किलोमीटरहून जास्त खोल समुद्रतळावर टायटॅनियमचा झेंडा रोवला होता. तोर्देसिल्यासची हौस अजून जिरलेली नाही! ट्रम्प यांनी २०१९ साली ग्रीनलंड विकत घेण्याची भाषा केली तेव्हा लोक हसले होते. २०२५ मध्ये त्यांनी तीच भाषा पुन्हा सुरू केली तेव्हा डेन्मार्कमध्ये कुणी हसत नव्हते.

उत्तरेच्या जलमार्गाबद्दल आपल्याकडे जरा जास्तच बोलले जाते. रशियाच्या किनाऱ्याने जाणाऱ्या त्या मार्गाने २०२४ साली सुमारे ३.८ कोटी टन माल गेला. हा त्या मार्गाचा विक्रम, पण रशियाचे त्या वर्षाचे उद्दिष्ट ८ कोटींचे होते. आणि त्यातला बहुतेक माल रशियाचाच, तेल आणि वायू. योकोहामा ते रॉटरडॅम अंतर त्याने बरेच वाचते हे खरे. मुरगावहून किंवा न्हावा शेव्याहून युरोपला जायला मात्र तो मार्ग कुणी धरणार नाही. आमच्या तारवट्यांना तिथे नोकऱ्या मिळतील कदाचित, बंदरांना काही मिळायचे नाही.

आपले पैसे मात्र तिथे आधीच आहेत. सायबेरियातले वांकोर तेलक्षेत्र आर्क्टिक वर्तुळाच्या उत्तरेला आहे. त्यात ओएनजीसी विदेशचा २६ टक्के आणि आपल्या आणखी तीन सरकारी कंपन्यांचा मिळून २३.९ टक्के वाटा. जवळजवळ निम्मे. २०२२ नंतर त्या वाट्याचा लाभांश रशियातल्या बँकांत अडकून पडला, तो भाग वेगळा. आणि त्याच आर्क्टिकमध्ये, स्वालबार्ड बेटांवर, २००८ पासून आपले 'हिमाद्री' नावाचे केंद्र आहे, जिथे हेडलँड सड्यावरून गेलेले शास्त्रज्ञ बर्फ किती वितळले ते मोजतात. एका हाताने तेल उपसायचे आणि दुसऱ्या हाताने ताप मोजायचा. सगळेच देश असे करतात, म्हणून आपल्याला ते खटकू नये असे नाही.

उत्तरेला आपण पाहुणे आहोत. २०१३ पासून आर्क्टिक परिषदेत निरीक्षक, म्हणजे मागच्या बाकावर. मधल्या आर्क्टिक समुद्रात व्यापारी मासेमारीला सोळा वर्षे मनाई करणारा करार २०२१ मध्ये अमलात आला, त्यावर चीन, जपान, कोरिया यांच्या सह्या आहेत, आपली नाही. दक्षिणेला तसे नाही. तिथे आपण घरातले, मताचे धनी. म्हणून बोलायचे तर तिथे बोलावे.

मासळीचे नाव निघालेच आहे म्हणून एक सांगतो. क्रिल हा आपल्या गालम्याचाच थंड मुलखातला भाऊबंद. देवमासे, पेंग्विन, सील सगळे त्यावर जगतात. आता तो मत्स्यशेतीच्या खाद्यासाठी आणि तेलाच्या गोळ्यांसाठी टनावारी धरला जातो. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या बाजूला वर्षाला ६ लाख २० हजार टनांची मर्यादा आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ती मर्यादा गाठली म्हणून हंगाम लवकर बंद करावा लागला. पूर्वी असे झाले नव्हते. खाणीची चर्चा २०४८ ची, पण उपसा आजच चालू आहे.

आणि अर्थकारण म्हणजे फक्त तेल आणि लोखंड असे कुणी ठरवले? अंटार्क्टिकाच्या बर्फात जगाचा समुद्र सुमारे ५८ मीटर वर चढेल इतके पाणी साठलेले आहे. ते सगळे वितळणार नाही, आपल्या नातवंडांच्या हयातीत तर नाहीच. पण खाजनाच्या माणसाला मीटर लागत नाहीत. मानशीच्या दारावर एक वीत पाणी कायमचे चढले की बांध, मीठ आणि शेत तिघांचाही हिशेब बदलतो.

सरकारची बाजू अगदीच रिकामी आहे असे नाही. २०१६ साली सांतियागोच्या बैठकीत सगळ्या देशांनी मिळून खाणबंदीशी बांधिलकी पुन्हा सांगितली, त्यात भारत होता. २०२२ च्या भारतीय अंटार्क्टिक कायद्याने आपल्या नागरिकांना तिथे खनिज काढायलाच काय, संशोधनाच्या परवान्याखेरीज ते कुठे आहे हे शोधायलाही मनाई केली. २०२४ च्या मे महिन्यात कराराची बैठक कोचीला भरली, तिथे नव्या मैत्री तळाची घोषणाही झाली. उत्तम. माझी मागणी याच्या पुढची आहे. २०४८ नंतर फेरविचाराची परिषद कुणी मागितली, तरी भारत खाणकामाच्या कोणत्याही व्यवस्थेला मान्यता देणार नाही, असे सरकारने आपल्या एकट्याच्या नावाने जाहीर करावे. सगळ्यांच्या सुरात म्हटलेले 'हो' आणि एकट्याने म्हटलेले 'नाही' यांत फरक असतो.

यावर दिल्लीतले जाणते म्हणतील, हातचा पत्ता आधीच कशाला दाखवायचा? पत्ता राखून ठेवला म्हणजे सौद्यात काही मिळते, हे खरे. पण तो राखून ठेवणाऱ्या सव्वीस जणांपैकी प्रत्येक जण तसाच विचार करत असेल, तर २०४८ पर्यंत सगळ्यांची खात्री होईल की बाकीचे सौद्याला तयार आहेत. आणि मग प्रत्येकाचे जहाज आधीच निघालेले असेल.

गोव्याचे लोकसभेत दोन खासदार आहेत. पक्ष वेगळे आहेत, पण या प्रश्नाला पक्ष लागत नाही. येत्या अधिवेशनात त्यांपैकी एकाने पृथ्वी विज्ञान मंत्रालयाला तारांकित प्रश्न टाकावा: माद्रिद मसुद्याच्या पंचविसाव्या कलमाखाली बदलाचा प्रस्ताव आला तर भारताची भूमिका काय राहील? उत्तर हो किंवा नाही असे मागावे. मसुदा तयार करायला मदत लागली तर मी आहे, आणि हेडलँड सड्यावर माझ्यापेक्षा पुष्कळ जाणती माणसे बसलेली आहेत.